उजव्या डोळ्याची साक्ष

रेषा वाकली. वस्तुतः तिला वाकण्याचे काहीही कारण नव्हते. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या न्हाणीघरात सकाळी अकराच्या सुमारास मिस्त्रीने नित्याच्या रिवाजाप्रमाणे गुडघे टेकले, गाल जवळजवळ जमिनीला लावला, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्याने नुकत्याच बसवलेल्या फरशांचा सांधा न्याहाळला. तो सांधा मधोमध, जेवण अंगावर आलेल्या माणसाच्या पोटासारखा, बाहेर आलेला त्याला दिसला. फरशा दोरीला लावून बसवल्या होत्या. दोरी ताणलेली होती. परंतु दोरी आणि डोळा यांचे भांडण झाले तर निकाल डोळ्याच्या बाजूने द्यायचा, हा त्यांच्या टोळीचा कायदा होता. म्हणून मिस्त्रीने दोरीला मनोमन दोन शब्द सुनावले, ती गुंडाळून खिशात टाकली आणि सिमेंटचा माल ओला आहे तोवर तीन ओळी उचकटून काढल्या. मग दीड तास खपून त्याने त्या केवळ नजरेच्या भरवशावर पुन्हा बसवल्या. आता सांधा सूर्यकिरणासारखा सरळ दिसू लागला. त्याने घाम पुसला. आपल्या हातून दोष घडला होता, पण तो आपणच हेरला आणि आपणच सुधारला, याचे एक निर्मळ समाधान त्याच्या अंतःकरणात पसरले. एवढ्यात मुख्याध्यापिकाबाई चहाचा पेला घेऊन दारात आल्या, चष्मा वर सरकवून खाली पाहू लागल्या आणि पुष्कळ विचारांती म्हणाल्या, "मिस्त्री, हे नागमोडी मुद्दाम केलंत का? नाही, छान दिसतंय. पण मी तुम्हाला साधंच सांगितलं होतं."

मिस्त्रीने सहा फुटी पट्टी सांध्याला लावली. पट्टी आणि फरशी यांच्या मधून चक्क बोट जाईल एवढी फट पडली होती. तेव्हा त्याने आयुष्यात प्रथमच उलटा प्रयोग केला. उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिले. सांधा नागमोडी. डावा मिटला, उजव्याने पाहिले. सांधा सरळ. एकाच घटनेचे दोन साक्षीदार इतके खुशाल परस्परविरुद्ध बोलत होते की मिस्त्रीला क्षणभर हसूच आले. बाई चहा तसाच धरून उभ्या होत्या. एक वयस्क गृहस्थ आपल्या न्हाणीघरात ओणवा होऊन आळीपाळीने एकेक डोळा मिचकावतो आहे, हे दृश्य त्यांनी शाळेतील चाळीस वर्षांच्या अनुभवाने पचवले असावे. त्या एवढेच म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलंय का?"

डोळ्याचा तो कायदा सासऱ्यांचा. सासरे स्वतः जुने मिस्त्री, आणि लग्नाआधी सहा वर्षे ते त्याचे गुरू होते. ते म्हणत, "दोरी ओली होते, सैल पडते, खिळा हलतो. डोळा काही खिळ्याला टांगलेला नाही." आणि दुसरे म्हणत, "डावा मीट. दोन डोळे म्हणजे दोन साक्षीदार. दोघे कधी एक बोलत नाहीत. एकालाच बोलू दे." त्यांच्या हाताखाली काम करताना सांध्याला डोळा लावण्याचा मान सासऱ्यांकडे असे. फरशा चार जण बसवतील, माल पाच जण कालवतील, पण डोळा लावणारा एकच, आणि तोच मिस्त्री. तो ओणवा होऊन बघणार, "चौथी केसभर आत" म्हणणार, दुसरा रबरी हातोड्याने चौथीला टिचकी देणार आणि विचारणार, "आता?" मग खालून उत्तर यायचे, "आता कसं." या दोन शब्दांखेरीज टोळीत कोणतेही काम पुरे झाले असे मानत नसत. पुढे त्याने थोरल्या मुलीला मागणी घातली, तेव्हाही म्हाताऱ्याने त्याला ओट्यावर उभे करून, डावा डोळा मिटून, डोक्यापासून पायापर्यंत पाहिले होते. "खांद्यात जरा झोल आहे," असा निकाल देऊन त्यांनी होकार दिला. त्यांच्या पश्चात डोळ्याचा मान त्याच्याकडे आला आणि हातोडा धाकट्या मेहुण्याकडे. आज या गोष्टीस अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षांत मिस्त्रीने डाव्या डोळ्याला काही विचारले नव्हते. बिचारा मिटून पडलेला असायचा, घरातल्या न मिळवत्या चुलत्यासारखा.

आणि आता तो डोळ्यांच्या दवाखान्यात, भिंतीलगतच्या खुर्चीवर, दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बसला होता. न्हाणीघराच्या घटनेस सहा महिने उलटले होते. त्या वेळी डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले होते की डोळ्याच्या मागे एक पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटते, आणि त्याच्या उजव्या डोळ्यात त्या पडद्याखाली पाणी साचले आहे. म्हणून सरळ वाकडे दिसते. मिस्त्री तत्काळ म्हणाला होता, "म्हणजे फरशी उचललीय." डॉक्टरबाई हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, मी दहा मिनिटं जे सांगणार होते ते तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत. पाणी कुठून झिरपते ती जागा शोधून त्यांनी लेझरने ती बंद केली. दोन महिन्यांत पाणी आटले. रेषा सरळ झाली. मुख्याध्यापिकाबाईंच्या तीन ओळी त्याने तिसऱ्यांदा बसवून दिल्या. बाईंनी त्याबद्दल त्याला एक शब्दकोश भेट दिला, तो त्याने निष्ठेने वाचायला घेतला होता आणि 'अ' संपवून 'आ'पर्यंत मजल मारली होती. सर्व काही सुरळीत होते. तथापि डॉक्टरबाईंनी आज पुन्हा बोलावले होते, डोळ्याच्या मागच्या बाजूचे फोटो काढण्यासाठी. "आज तुम्हाला सरळ दिसतंय हे मला माहीत आहे," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मला तुमचं पुढचं बघायचं आहे. काहींचं लेझरनंतर कायमचं बरं होतं, काहींचं पुन्हा पुन्हा येतं आणि जुनाट होऊन बसतं. ते आता फोटोवरून बरंचसं आधी कळतं." हे वाक्य मिस्त्रीच्या मनात तेव्हापासून खड्यासारखे टोचत होते. एका शाळेच्या सभागृहाचे काम पुढे उभे होते. साठ फूट लांब सांधे, मध्ये एकही खांब नाही, म्हणजे दोष झाकायला कुठेही जागा नाही. ते काम आपण अंगावर घ्यायचे की नाही, डोळा आपणच लावायचा की नाही, याचे उत्तर त्याने आजच्या फोटोवर सोडले होते. घरी, दारी, कोणाला त्याने हे सांगितले नव्हते. बायकोला मात्र न सांगता समजले होते, कारण काल रात्री तो जेवताना ताटाच्या काठाकडे एक डोळा मिटून पाहत होता.

"अहो," सकाळी निघताना ती म्हणाली होती, "डॉक्टरबाईंशी उलट बोलू नका. मागच्या वेळी त्यांचा कागद मोजलात तेवढं पुरे झालं." कागदाची गोष्ट अशी की, रोज सकाळी एकेका डोळ्याने बघण्यासाठी डॉक्टरबाईंनी त्याला चौकटी छापलेला एक कागद दिला होता, चौकटींच्या रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच येऊन दाखवायचे. मिस्त्रीने तो कागद घरी आणला, आणि कोणत्याही मापाच्या वस्तूवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही या सवयीने त्यावर प्रथम काटकोन तपासायचा गुण्या ठेवला. कागद गुण्यात नव्हता. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर गेला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन, अत्यंत विनयाने, हे निदर्शनास आणले. डॉक्टरबाईंनी पट्टी मागवली, मोजले, आणि पूर्ण गठ्ठा छापखान्याकडे परत पाठवला.

"दाजी, तुमची बुबुळं बघा," शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला, "मांजरासारखी झालीत." थेंबांमुळे जवळचे दिसेनासे होते आणि उजेड सोसत नाही म्हणून तो स्कूटर चालवायला सोबत आला होता आणि तासाभरात त्याची बाकावरच्या प्रत्येक रुग्णाची चौकशी करून झाली होती.

"दिवसा मांजराची बुबुळं बारीक होतात," मिस्त्री म्हणाला.

"मग घुबडासारखी म्हणतो. ताईला फोन करून सांगू? म्हणावं, तयार राहा, घुबड घेऊन येतोय."

"तुझी ताई म्हणेल, आणताना एकच आण. स्कूटर चालवणारं घरी येऊ देऊ नकोस."

मेहुणा मांडीवर थाप मारून हसला. मिस्त्रीही हसला. मात्र समोरच्या भिंतीवरची अक्षरे पाघळून एकमेकांत मिसळत होती, खिडकीतून येणारा उजेड पांढऱ्या पिठासारखा सर्वत्र उडत होता, आणि आपण हसत आहोत ते तोंड आपलेच आहे की कोणा दुसऱ्याचे, अशी एक चमत्कारिक शंका त्याला चाटून गेली. डोळा म्हणजे आपण बघतो ती खिडकी, असे तो आजवर समजत आला होता. आज प्रथमच त्या खिडकीतून कोणी आत डोकावणार होते. आत काय पसारा असेल कोण जाणे. पाहुणे अवचित येणार म्हटले की बायको जशी चादर ओढते, उशा ठोकते, तसे काही करावे असे त्याला वाटले. परंतु डोळ्याच्या आत हात पोहोचत नाही.

फोटोच्या खोलीत अंधार होता. फोटो काढणारी मुलगी आवाजावरून बावीस-तेवीस वर्षांची असावी. "काका, हनुवटी इथे. कपाळ पुढे. आत हिरवी फुली दिसतेय का? तिच्याकडे बघत राहा. हलू नका." मिस्त्रीला न हलता बघत राहण्याचे कौशल्य कोणी शिकवावे लागत नव्हते. तो असा स्थिर झाला की मुलगी म्हणाली, "काका, श्वास घेतला तरी चालेल." फुलीच्या दोन्ही रेषा सरळ होत्या. त्याला बरे वाटले. लागलीच त्या बरे वाटण्याचा त्याला संशय आला, कारण न्हाणीघरातही त्याला असेच निर्मळ बरे वाटले होते. मग एक लखलखाट झाला, आणि त्या लखलखाटाच्या पाठोपाठ, जांभळ्या अंधारात, एक वाळके झाड उभे राहिले. पाने नसलेले, असंख्य फांद्यांचे. ते काय आहे असे त्याने विचारले तेव्हा मुलगी म्हणाली, "तुमच्याच रक्तवाहिन्यांची सावली असेल. काही जणांना दिसते." मिस्त्री थक्क झाला. इतकी वर्षे हे झाड त्याच्या आणि जगाच्या मध्ये उभे होते, प्रत्येक सांधा त्याने या फांद्यांतून पाहिला होता, आणि त्याला एकदाही पत्ता लागला नव्हता. मग जगात सरळ म्हणून जे काही आहे ते कोणी ठरवले? पुन्हा लखलखाट झाला. त्याला सासऱ्यांचा गाल आठवला, जमिनीला टेकवलेला, सिमेंटची भुकटी लागून पांढरा झालेला, आणि एक सुरकुतलेला डोळा मिटलेला. आणि त्याला वाटले, म्हाताऱ्याच्याही डोळ्यात झाड असणार. तेही यातूनच बघत आले. तरी त्यांच्या फरशा अजून एका सुतात आहेत. या विचाराने त्याचा भार निम्मा हलका झाला. "झालं काका," मुलगी म्हणाली. "इतके स्वच्छ फोटो कोणाचेच येत नाहीत. लोक फार हलतात."

डॉक्टरबाईंच्या खोलीत मेहुणाही आला, कारण मिस्त्रीला खुर्ची दिसेपर्यंत कोणी धरायला हवे होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक करडा गोल उमटला होता, पौर्णिमेच्या चंद्रासारखा, आणि त्यात ते झाड. शेजारी दुसरे चित्र होते: थरावर थर, थरावर थर, उभा छेद घेतल्यासारखा. मिस्त्री खुर्ची पुढे ओढून, थेंबांनी धुरकटलेल्या नजरेने, इतका जवळ गेला की त्याचे नाक पडद्याला लागले, आणि चित्र दिसेनासे झाल्यावर हातभर मागे सरकला. थर पाहताच त्याचा चेहरा खुलला. वर फरशी, खाली माल, खाली कोबा, त्याखाली भर. आपल्याच धंद्यातील कोणा कसबी माणसाने हे काम केलेले आहे, अशी त्याची खात्री पटली. "काम सुरेख आहे," तो म्हणाला.

"लेझरचं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"नाही, मूळचं."

डॉक्टरबाई हसल्या. मग त्या काही बोलणार एवढ्यात मिस्त्रीचे बोट त्या करड्या गोलाच्या खालच्या भागावर जाऊन थांबले. लेझरचा बारीक ठिपका वर होता. पण त्याच्या बाजूने, खालच्या दिशेला, एक फिकट पट्टा उतरत गेला होता. वर अरुंद, खाली पसरट, कडा अस्पष्ट. मिस्त्रीने असे पट्टे शेकडो पाहिले होते. गच्चीखालच्या भिंतींवर, टाकीच्या बुडाशी, मोरीच्या मागे. लोक म्हणत, कालच गळायला लागलंय मिस्त्री. आणि तो पट्ट्याची कड बोटाने खरवडून म्हणे, काल नाही, तिसरं वर्ष आहे.

"हा ओघळ आहे," तो म्हणाला. "पाणी इथून खाली उतरलंय. आणि हे सहा महिन्यांचं नाही, डॉक्टरबाई. हे जुनं आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही माझं काम फारच सोपं करता," त्या म्हणाल्या. "हो. ओघळच आहे. दोन-तीन वर्षांपासून पाणी येत-जात असणार, थोडं थोडं. लेझरने आताचं गळणं थांबलं, वरून सगळं कोरडं आहे. पण खालचा थर बऱ्याच भागात झिजलाय, आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर जाड झालाय. असे हजारो डोळ्यांचे फोटो, आणि पुढे त्यांचं काय झालं ते, दाखवून इथला संगणक शिकवलेला आहे. तो तुमच्या फोटोकडे बघून म्हणतो, अशा दहा डोळ्यांपैकी सात डोळ्यांत पाणी पुन्हा येतं. येत राहतं."

"आणि बाकीचे तीन?"

"त्यांना येत नाही. पण तुम्ही त्या तिघांच्या भरवशावर राहू नका. मी दर तीन महिन्यांनी फोटो काढीन. पाणी दिसलं की तुम्हाला जाणवायच्या आत आपण उपाय करू. नजर जाणार नाही, असा माझा प्रयत्न राहील. डावा डोळा मात्र उत्तम आहे, तो वापरा." मग त्या सहज म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी आला असतात तर खालचा थर इतका झिजला नसता. तेव्हा काहीच जाणवलं नाही का?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. मेहुणा आपल्या बुटांकडे पाहत होता.

बाहेर दुपार अशी पेटली होती की काळ्या चष्म्यातूनही प्रत्येक खिडकी टोचत होती. वाहनतळाच्या कठड्यावर दोघे बसले. मेहुण्याने दोन कागदी पेल्यांतून चहा आणला, आणि चमत्कार म्हणजे चहावाल्याची चौकशी न करता आणला. मिस्त्रीच्या मनात मात्र जत्रेसारखी गर्दी उसळली होती. विलक्षण गोष्ट अशी की, सातचा आकडा ऐकून जे दुःख व्हायला हवे होते ते होत नव्हते. कदाचित फरशी ठोकून पाहिल्यावर ती पोकळ आहे हे एकदा कळले की माणूस जसा तिच्यावर जपून पाय ठेवतो, तसे काहीतरी त्याचे झाले होते. त्याला टोचत होते ते निराळेच. तीन वर्षे. तीन वर्षे त्याने वाकड्या डोळ्याने सांधे पाहिले होते. दातांच्या डॉक्टरांचा तो लांब बोळ, वाचनालयाची वरची खोली, त्या जुळ्या बहिणींचा नृत्याचा वर्ग, जिथे पन्नास फुटांचे आरसे समोरासमोर होते आणि केसभर दोष शंभर वेळा दिसला असता. त्या सर्व फरशा त्याने मनात एकेक करून आठवल्या. त्या सरळ होत्या. गेल्याच महिन्यात वाचनालयात पुस्तक बदलायला जाऊन त्याने स्वतः, बरा झालेला डोळा लावून, खात्री केली होती. वाकड्या डोळ्यातून सरळ काम उतरले कसे? आणि मग केवळ त्या एका न्हाणीघरातच घोटाळा का व्हावा? त्या दिवशी काय वेगळे होते? त्या दिवशी तो एकटा होता. मेहुण्याची अक्कलदाढ सुजली होती आणि तो गालाला फडके बांधून घरी पडला होता.

"अरे," मिस्त्री सावकाश म्हणाला, "मी 'चौथी केसभर आत' म्हणायचो, तेव्हा तू काय करायचास?"

मेहुण्याने चहाचा पेला कठड्यावर ठेवला. पुन्हा उचलला. "ठोकायचो."

"काय ठोकायचास?"

"दाजी, आता जाऊ द्या ना."

"काय ठोकायचास?"

"शेजारची मोकळी जमीन," मेहुणा म्हणाला. "फरशी जागेवरच असायची. तुम्ही वाकडी सांगायचात, मी पट्टी लावून आधीच बघितलेलं असायचं. मग मी बाजूला टक्-टक् करायचो आणि विचारायचो, आता? तुम्ही म्हणायचात, आता कसं."

"प्रत्येक वेळी?"

"दहांतल्या सात वेळा म्हणा."

मिस्त्रीने चष्मा काढला, उजेडाने डोळे भरून आले, पुन्हा घातला. तर असे होते. अकरा वर्षांचा मान. तीन वर्षे तो जमिनीला गाल लावून निकाल देत होता आणि निकालाची अंमलबजावणी मोकळ्या जमिनीवर होत होती. आणि त्याच्या डोळ्याने, त्या एकमेव साक्षीदाराने, टक्-टक् एवढा आवाज ऐकून साक्ष फिरवली होती. मोठा संताप यावा म्हणून तो थोडा वेळ थांबला. संताप दाराशी आला, आत डोकावला. पण आत कोण बसले आहे ते पाहून त्याचा धीर झाला नसावा, कारण आत एक गृहस्थ ओणवा होऊन मोठ्या रुबाबात "आता कसं" म्हणत होता, आणि त्याच्या मागे एक धाकटा मेहुणा अत्यंत गंभीर मुद्रेने जमीन ठोकत होता. मिस्त्रीच्या पोटातून हसू निघाले. ते वर आले आणि नाकातून चहासकट बाहेर पडले.

"सांगायचं नाहीस?" हसता हसता, ठसकत, तो म्हणाला.

मेहुणा हसला नाही. "कसं सांगायचं? तुम्ही म्हणाला असता, पट्टीच वाकडी आहे. मला वाटलं, चाळिशी लागली असेल, सगळ्यांनाच लागते. आणि मिस्त्रीला वाकडं दिसतं असं बाहेर गेलं असतं तर?" त्याने पेला बाजूला ठेवला. "पण त्या म्हणाल्या ना, तीन वर्षांपूर्वी आला असतात तर. मी तेव्हाच बोललो असतो तर थर झिजला नसता. मी तुमची अब्रू सांभाळत बसलो आणि डोळा गेला."

रस्त्यावरून एक बाई तिरक्या उन्हात छत्री घेऊन गेली. छत्रीच्या काड्या त्याला दोन-दोन दिसल्या. त्याला सुचले की, क्षमा वगैरे शब्द पुस्तकात शोभतात, इथे ते बोलले तर मेहुणा रडेल आणि मग आपल्यालाही रडावे लागेल, आणि दोन रडणारे पुरुष एका स्कूटरवरून गेले तर लोक काय म्हणतील. त्याने मेहुण्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. "डोळा गेलेला नाही," तो म्हणाला. "जुना झालाय. तुझ्या बहिणीचा नवराही जुना झालाय, ती काय फेकून देते का?"

"विचारून बघतो," मेहुणा नाक ओढत म्हणाला.

"आणि ऐक. सभागृहाचं काम घ्यायचं. डोळा तू लावायचास."

"मी?"

"तीन वर्षं तूच लावतोयस. आता सगळ्यांसमोर लाव."

मेहुण्याने स्कूटर सुरू केली, आणि रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला "दाजी, धरा" असे इतक्या आदराने म्हणत राहिला की मिस्त्रीला शेवटी त्याला गप्प बस म्हणावे लागले.

सभागृहाची पहिली ओळ तीन आठवड्यांनी, एका सकाळी, पुरी झाली. साठ फूट. उंच खिडक्यांतून स्वच्छ उजेड जमिनीवर पडला होता आणि ओल्या मालाचा थंड वास सुटला होता. टोळीतले इतर चौघे भिंतीशी उभे राहिले. मेहुण्याने हात पुसले, मिस्त्रीकडे एकदा पाहिले, गुडघे टेकले आणि गाल जमिनीला लावला. त्याने लगेच डावा डोळा मिटला नाही, आधी दोन्ही उघडे ठेवून पाहिले, मग उजवा मिटला, मग डावा. हे कोणी शिकवले होते कोण जाणे. हातोडा मिस्त्रीच्या हातात होता. इतक्या वर्षांनी त्याची मूठ त्याला परकी आणि अंमळ आखूड वाटली. अकरा वर्षे जी जागा आपली होती तिथे दुसऱ्याची पाठ पाहताना काय वाटेल, याची त्याने रात्री उगाच धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात त्याला एवढेच वाटले की पोराच्या सदऱ्याची शिवण उसवली आहे, त्याच्या ताईला सांगायला हवे.

"दाजी, पाचवी," मेहुणा खालून म्हणाला. "केसभर आत."

मिस्त्री पाचवीपाशी उकिडवा बसला. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिले. डावा डोळा अजून उमेदवारीत होता. त्याला ती सरळ वाटली. मग मिस्त्रीच्या मनात एक विचार आला, अर्धा खोडकर, अर्धा अगदी गंभीर, कारण साठ फुटांच्या जमिनीचा आणि चार माणसांच्या पोटाचा भार आता त्या खालच्या डोळ्यावर होता. त्याने हातोडा उचलला आणि पाचवी सोडून, पलीकडच्या मोकळ्या कोब्यावर, हलकेच दोनदा ठोकले.

"आता?" त्याने विचारले.

मेहुण्याने डोके उचलले नाही. गाल तसाच जमिनीला लागलेला होता.

"दाजी," तो म्हणाला, "हा आवाज मी तीन वर्षं काढलाय. फरशीवर ठोका."

मिस्त्रीने फरशीवर ठोकले. पाचवी केसभर आत सरकली आणि तिचा सांधा बसला.

"आता कसं," मेहुणा म्हणाला.